अर्धी चादर घेऊन सिंगापूरला

"परतीच्या सामानात दोन किलो मोकळे ठेव," अण्णांनी तिकीट काढायच्या आधीच बजावलं. "येताना आख्खी चादर आणायचीय."

अण्णा म्हणजे माझे वडील, वय सत्त्याहत्तर. आमचे पणजोबा तेलंगणातून सोलापूरला हातमागावर पोट भरायला आले. तरुणपणी अण्णा आणि आत्या शेजारशेजारच्या मागांवर बसत. माग अरुंद, म्हणून चादर दोन पट्ट्यांत विणून मधोमध शिवायची. घरासाठी दोघांनी एक विणली, उभे धागे सुती, आडवे लोकरीचे. एक पट्टी अण्णांची, एक आत्याची. शिवायला घेतली तर फुलं जुळेनात! चूक कोणाची, हा वाद आत्या लग्न होऊन आतोबांच्या बोटीवरच्या नोकरीपायी सिंगापूरला गेली तरी मिटला नाही. आपापली पट्टी दोघांनी जपून ठेवली.

सोलापूर ते हैदराबाद गाडीने साडेपाच तास, तिथून थेट विमान. पणजोबा आले त्याच रस्त्याने आम्ही उलटे निघालो. व्हिसा एजंटकडून काढा. अरायव्हल कार्ड मात्र ऑनलाइन फुकट भरता येतं, त्याचे कोणालाही पैसे देऊ नका.

चांगी विमानतळाहून एमआरटी (तिथली मेट्रो) घ्या, तानाह मेराला गाडी बदला, मग थेट जुरोंग ईस्ट, आत्याचं घर तिथेच. तिकिटाची भानगड नाही, बँकेचं कार्ड टेकवायचं. डब्यात एसी असा की अण्णांनी पट्टी काढून खांद्यावर घेतली. शेजारच्या चिनी आजींनी लोकर चिमटीत धरून पाहिली आणि अंगठा वर केला. त्यानंतर स्टेशन येईपर्यंत अण्णांची मान ताठ होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाण्याच्या स्टॉलांच्या हॉकर सेंटरला गोडमिट्ट कोपी प्यायलो (कॉफीच, पण कंडेन्स्ड मिल्कची, साखर कमी सांगा). घरी येऊन दोन्ही पट्ट्या जमिनीवर अंथरल्या. फुलं दोन्हीकडे अकराच, पण अण्णांची पट्टी वीतभर आखूड.

"तुझा हात पहिल्यापासून सैल," अण्णा म्हणाले.

"आणि तुझा हात की हातोडा?" आत्या म्हणाली. पुढचं तेलुगूत झालं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. खरं तर अण्णा मागाची फणी जोरात ठोकत म्हणून वीण दाट, आत्याची मोकळी. चूक कोणाचीच नव्हती.

आतेभाऊ सुहास तांजोंग पगारच्या ऑफिसातून आला तो म्हणाला, "मामा, जास्तीचं कापून टाकू ना!"

"कापायचं?" दोघं एकदमच ओरडले. एवढ्या वर्षांत त्यांचं पहिल्यांदा एकमत झालं.

तिसरा दिवस शिवण्यात गेला. मधलं फूल जुळवून तिथून अण्णा एका टोकाकडे, आत्या दुसऱ्या टोकाकडे शिवत गेली. दोन्ही टोकं वेडीवाकडी राहिली. निघायच्या आदल्या संध्याकाळी आत्याने घडी घालून चादर स्वतःच अण्णांच्या बॅगेत ठेवली. "तू मोठा. तूच ने." तिचे डोळे भरले होते, माझेही.

सकाळी बॅगेत चादर नव्हती. ती आत्याच्या पलंगावर होती. "हिच्याकडे रात्रभर एसी चालतो," अण्णा माझ्यावरच खेकसले. "सोलापूरच्या उन्हाळ्यात मी काय करू तिचं?" मोकळ्या दोन किलोंत काया, म्हणजे नारळाच्या जॅमच्या बाटल्या आल्या.

परवा आत्याचा व्हिडिओ कॉल आला. अण्णांनी आधी चादर दाखवायला लावली. "कोणती बाजू अंगावर घेतेस?"

"तुझी. दाट आहे, ऊब धरते."

फोन बंद झाल्यावर अण्णा हळूच म्हणाले, "मऊ मात्र तिचीच होती. सांगू नकोस तिला."

मी सांगणार नाही. पण आत्या माझा ब्लॉग वाचते.