व्हॅन आणि बंड्या

हेनी व्हॅन डर मर्व्हे इंग्लंडातल्या स्लाऊच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवायला लागला ते दोन हजार तीन साली. पन्नाशी उलटलेला, लाल मानेचा, दक्षिण आफ्रिकेतली शेती विकून आलेला गडी. पहिल्या दिवशी सुपरवायझर जयंतरावांनी हजेरीला त्याचं पूर्ण नाव वाचलं, तर मागे उभी असलेली त्याच्याच देशाची तीन पोरं फिस्सकन हसली. जयंतरावांना वाटलं, आपला उच्चार चुकला.

उच्चार बरोबर होता. त्या देशात व्हॅन डर मर्व्हे म्हणजे विनोदातला ठरलेला बावळट. जेवणाच्या सुट्टीत पोरांना जोर चढे. "मालक व्हॅनला म्हणाला, मी गावाला जातो, दाराकडे लक्ष ठेव. संध्याकाळी बघतो तर व्हॅन जत्रेत, आणि दार डोक्यावर."

हेनी हसे. कधी पुढचा विनोद स्वतःच सांगे. पण डबा अर्धा ठेवून उठे.

जयंतराव दाराच्या विनोदाला हसले नाहीत. तो त्यांनी साताऱ्याच्या शाळेत ऐकला होता. तिथं दार बंड्यानं नेलं होतं.

सहा वर्षांनी हेनी ब्रिटिश नागरिक व्हायला निघाला. एका दुपारी त्यानं कँटीनच्या टेबलावर कागद ठेवला. नाव बदलायचं होतं. साक्षीदार म्हणून जयंतरावांची सही हवी होती.

"हेन्री मार्विन?" जयंतरावांनी वाचलं. "हा कोण?"

"कोणीच नाही. म्हणून तर घेतलं."

"बायको काय म्हणते?"

"म्हणते, लग्नात तुझं नाव लावलं तेव्हा बहिणी आठवडाभर हसत होत्या. तेवढं सोसलं, आणि आता तू बदलतोस?"

जयंतरावांनी पेनाचं टोपण काढलं. सही करून मोकळं व्हावं असा त्यांचा स्वभाव. दुसऱ्याच्या घरात डोकवायची सवय नव्हती. पण पेन कागदावर टेकेना.

"मला घरी बंडू म्हणत," ते म्हणाले. "आमच्याकडे बंडू म्हणजे तुमचा व्हॅन. मास्तरांनी विनोद सुरू केला की सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघायचा. एकाहत्तर साली इथं आलो आणि ते नाव कुणाला सांगितलंच नाही. वाटलं, सुटलो."

"मग?"

"ताई फोनवर 'काय रे बंड्या' म्हणायची. तिला जाऊन पाच वर्षं झाली. आता ऐकावंसं वाटलं तरी म्हणणारं कोणी उरलं नाही."

कागदाची घडी घालून हेनीनं खिशात ठेवली. आपण उगाच जास्त बोललो, असं जयंतरावांना घरी जाईपर्यंत वाटत राहिलं.

नागरिकत्वाच्या समारंभाला हेनीनं त्यांना बोलावलं. कौन्सिलच्या हॉलमध्ये नावं वाचली जात होती. "हेन्ड्रिक योहानेस व्हॅन डर मर्व्हे," बाई अडखळत म्हणाल्या. कोणाच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. फक्त मागच्या रांगेत एकजण फिस्सकन हसला.

समारंभ संपताच हेनी तडक त्या माणसाकडे गेला. आता हाणामारी होते की काय, म्हणून जयंतराव मागोमाग धावले. हेनीनं आपल्या भाषेत काहीतरी विचारलं. त्या माणसानं कुठल्याशा गावाचं नाव घेतलं. हेनीनं त्याचा हात धरला तो सोडेचना. अर्धा तास दोघं बोलत होते. जयंतरावांना त्यातलं 'व्हॅन' एवढंच कळत होतं, आणि ते आलं की दोघं डोळे पुसत हसत होते. दोन कप चहा हातात धरून जयंतराव बाजूला उभे राहिले. चहा निवला.

"अरे, तिकडे काय उभा राहिलास?" हेनीनं हाक मारली. "बंडू, तुमच्याकडचा एखादा सांग याला."

जयंतरावांनी कप खिडकीत ठेवले.

"एकदा बंड्या," ते म्हणाले, आणि पुढचं इंग्रजीत कसं सांगावं याची मनात जुळवाजुळव करू लागले.