शुद्ध मराठीतली मैत्रीण

लेकीला मराठी मैत्रीण मिळाली याचा मला कोण आनंद झाला होता! बडोद्यात जन्मलेली बारा वर्षांची पोर. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की गुजराती, आणि भांडायचं असलं की हिंदी. घरातलं मराठी तरी कसलं? "मम्मी, बारी बंद कर ना, माझ्या चोपड्या उडतात." खिडकीला बारी, पुस्तकाला चोपडी. मी सुधारून सुधारून थकले होते आणि ती ऐकून न ऐकल्यासारखं करत होती.

ही मैत्रीण तिला चित्रं काढायच्या एका अ‍ॅपवर भेटली. तिच्याच वयाची, इथेच जन्मलेली, प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये राहणारी. निदान तसं तिनं लिहिलं होतं. तिचा पहिला मेसेज लेकीनं मला वाचून दाखवला: "तुझं चित्र फार सुरेख आहे. खिडकीतला उजेड तर मला खूपच भावला." मी विरघळलेच. "बघ, मराठी असं असतं," म्हटलं. "हिच्याशी रोज बोलत जा, जरा जिभेला वळण लागेल." एरवी मोबाइलवरून मी घर डोक्यावर घेते, पण या गप्पांना वेळेचं बंधनही घातलं नाही. शेजारणीकडे जाऊन कौतुकसुद्धा सांगून आले.

परवा रावपुऱ्यात भाजी घेत होते. बाजूला दोन शाळकरी मुली उभ्या होत्या, मराठी घरातल्या. एक दुसरीला म्हणाली, "अगं, तू लारीपाशी ऊभी रहे, मी चोपडी लईने येते." मला हसू आलं. ही पण आमच्याच गावची, असं मनात म्हटलं आणि ते हसू तोंडातच राहिलं.

त्या मैत्रिणीचे जे मेसेज लेकीनं वाचून दाखवले होते, त्यांत एकदाही बारी आली नव्हती. हातगाडीला लारी नाही, चोपडी नाही, 'चालेल'ऐवजी साधं 'चालशे' नाही. बडोद्यात वाढलेली एवढीशी मुलगी 'भावला' म्हणते? मी चाळिशी ओलांडली, मीही म्हणत नाही.

भेंडी तिथेच टाकून मी स्कूटर काढली. नवरा कोयलीला रिफायनरीत, तिथे आत फोन नेता येत नाही. हे माहीत असूनही मी प्रत्येक सिग्नलला त्याला फोन लावत राहिले. मधेच वाटे, माझंच डोकं फिरलंय, असेल एखादी वाचनाची आवड असलेली पोर. लगेच वाटे, लेकीनं तिला फोटो पाठवला असेल तर? पत्ता दिला असेल तर? सिग्नल सुटला तरी मी तिथेच, आणि मागचे हॉर्न वाजवून शिव्या देत होते.

लेक अभ्यासाला बसली होती. ओरडायचं नाही, असं जिना चढताना स्वतःला बजावत आले होते, तरी आवाज चढलाच. "त्या मैत्रिणीचं सगळं दाखव मला. आत्ता." तिनं फोन पुढे केला. सुरुवातीला नुसती चित्रं. मग, शाळेच्या युनिफॉर्ममधला फोटो पाठव. मग, बाबा कामाला कधी जातात? मग, हे आपल्या दोघींचं गुपित. आणि आज सकाळी, शनिवारी कमाटीबागेत ये, एकटीच ये. फोटो मागितला की लेकीचं दर वेळी एकच उत्तर होतं: "नंतर." बागेच्या मेसेजला तिनं काहीच लिहिलं नव्हतं.

मी जमिनीवर बसले. सगळं पुसून टाकायला बोटं शिवशिवत होती, पण हे पोलिसांना दाखवावं लागणार म्हणून हात आवरला.

"तुला भीती नाही वाटली?"

"वाटली ना."

"मग मला का नाही सांगितलंस?"

ती पेनाचं टोपण काढत-घालत राहिली. "मला कधीचंच बंद करायचं होतं, मम्मी. पण तू रोज विचारायचीस, आज काय बोललात म्हणून. तू पहिल्यांदाच माझ्यावर एवढी खूश होतीस."