मामाची हळद

धवळारीण आत्याला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण शहापूर-मुरबाडकडचं गेल्या चाळीस वर्षांतलं कुठलंही लग्न तिला विचारावं. टोकावड्याच्या अमक्याच्या पोरीला पहिली हळद कोणी लावली, मग कोण उठलं, कोण रुसून मांडवाबाहेर बसलं, सगळं ओळीनं सांगायची. आमच्याकडे धवळे गाऊन लग्नाचे विधी लावते ती धवळारीण. हळदीला घरातल्या एकेकाचं नाव गाण्यात घेऊन त्याला पुढे बोलवायची आत्याची रीत. मी एका दैनिकाचा वार्ताहर. कालची ग्रामसभासुद्धा वहीत बघून सांगणारा. मला या बाईचा हेवा वाटायचा. हेवा कसला, जळायचो मी तिच्यावर.

सुरुवातीला तसं कारण नव्हतं. वसंताच्या खुनाचा शोध हा माझा प्रांत होता. शेणव्याच्या पुढे एक पाडा आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. एकोणीस वर्षांपूर्वी तिथे एका घरी हळद होती; धवळे गायला आत्या, पाहुण्यांत मीही. त्याच संध्याकाळी वसंता ओहोळाच्या काठी डोकं फुटलेला सापडला. शाळेत माझ्या बाकावर बसणारा, माझा डबा खाऊन वर नावं ठेवणारा वसंता. पाडाभर जबाब एकच: "आमी सगळी हळदीत होतो." गुन्हा खरा, पण आरोपी सापडत नाही, असा शेरा पडून फाइल बंद झाली. मी ती घरी उघडली. माहितीच्या अधिकारात कागद मिळवले, नकाशा काढला, लाल पेन्सिलीने वाटा आखल्या. बायको म्हणायची, "अहो, पोलीस झाला असतात तर निदान वर्दी तरी मिळाली असती."

वसंताची आई प्रत्येक लग्नात मांडवाच्या कोपऱ्यात बसायची. जेवण झालं की आत्याला म्हणायची, "येवढ्यांची नावं घेतेस गो, माझ्या पोराला मारला त्याचं घे की." मला तिनं असं कधीच म्हटलं नाही. मी दोनदा फाइल घेऊन गेलो, दोन्ही वेळा चहा पाजून "जेवून जा" म्हणाली. मी इतकी वर्षं रक्त आटवतोय आणि गाऱ्हाणं कोणापुढे, तर गाणाऱ्या बाईपुढे!

आणि आत्यानं ते मनावर घेतलं. तिची पद्धत माझ्याहून उलटी. त्या वेळी पाड्यात कोण नव्हतं, हे मी विचारत फिरायचो. ती म्हणायची, "नव्हता कोन ते कोन सांगनार रे? व्हता कोन ते सांगतात. उरलेला आपसूक उरतो." मला बघून पदर ओढून "आमाला काय नाय माहीत, भाऊ" म्हणणाऱ्या बायका तिच्याजवळ मोकळ्या व्हायच्या. हळद कांडता कांडता ती सहज विचारायची, "त्या हळदीला तू कुठं बसलेलीस गो?" मला ते कळलं की अंगाचा तिळपापड व्हायचा.

एकदा मी तिला सुनावलंच. म्हटलं, "आत्या, कोर्टात पुरावा लागतो. गाणं नाय चालत तिथं."

"मंग तुझं कागद तरी कुठं चाललं?" ती म्हणाली आणि पानाला चुना लावत बसली.

गेल्या उन्हाळ्यात तिनं त्या हळदीतल्या अकरा बायकांना पापड लाटायच्या निमित्तानं सापगावला आपल्या पडवीत जमवलं. मलाही निरोप धाडला. नाही गेलो तर काहीतरी चुकेल, म्हणून गेलो. पापड राहिले बाजूला, आत्या ती जुनी हळद पहिल्यापासून गायला लागली. एक नाव घ्यायची आणि थांबायची. बायका सांगायच्या, कोण उठलं, लुगडं कुठलं होतं, कोणाचं पोर रडत होतं. अस्सं आठवायला लागलं एकेकीला, की मी लिहायचं विसरलो. मग "मामा ये रे मांडवी" गाऊन तिनं विचारलं,

"मामाची हळद कोनी लावली?"

"मामानी. अजून कोन लावनार?" दोघीतिघी हसल्या.

"कोनाच्या हातानं, ते विचारते."

 पाड्यातल्या शंकरची बायको लाटणं खाली ठेवून म्हणाली, "आमच्या ह्यांच्या. मामा शेतावर गेलेला, आला नाय येळेवर. मंग ह्यांनी त्याचा फेटा घातला."

आमच्याकडे मामाशिवाय हळद म्हणजे अपशकुन. मामा नसला तर कोणीतरी त्याचा फेटा घालून उभा राहतो, धवळारीण नाव मामाचंच घेते आणि त्याचा पुन्हा उच्चार करायचा नसतो. खोटं कोणीच बोललं नव्हतं. सगळ्यांनी नाव ऐकलं, फेटा पाहिला आणि मामा मांडवात होता असंच धरून चालले. या मामाचं आणि वसंताचं शेताच्या बांधावरून दोन वर्षं वैर होतं.

 फाइलमधला अकरावा जबाब मला तोंडपाठ होता. "नवऱ्या मुलाचा मामा हळद लावत असताना मी स्वतः पाहिले." तो जबाब माझा. शिकलेला, पेपरवाला, मयताचा मित्र. माझ्या शब्दावर मामा संशयातून सगळ्यात आधी सुटला होता. माझ्या वहीत पहिली काट त्याच्याच नावावर होती.

बायका गेल्यावर आत्या म्हणाली, "तू डोळ्यांनी नाय बघितलास रे. माझ्या गान्यानं बघितलास. मीच तर त्याचं नाव घेतलं, मांडवात आनून बसवला." मग म्हणाली, "उद्या ठान्यात जाऊ. तुझा जबाब उभा हाय तवर त्याला कोन हात लावनार?"

मी गेलो नाही. तीन दिवस गेलो नाही. लोक हसतील ही भीती होतीच, पण खरं सांगतो, त्याहून मोठी आग हेव्याची होती. इतकी वर्षं मी शोधायचं, सापडायचं तिला, आणि माझ्या वाट्याला काय, तर खोटा साक्षीदार! तिन्ही दिवस ती एकटी शहापूरच्या एसटी स्टँडवर लग्नातलं लुगडं नेसून माझी वाट बघत बसली होती, हे चहावाल्यानं सांगितलं. चौथ्या दिवशी माझ्याच्यानं राहवलं नाही.

ठाण्यात साहेबांसमोर मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "ह्याला बोल लावू नका. चूक माझ्या गान्याची." पुढे शंकरनं फेटा घातल्याचं कबूल केलं, दुसऱ्या चौकशीत मामा ढासळला. वसंताची आई आत्याच्या गळ्यात पडून हंबरडा फोडून रडली. मी मागे हेल्मेट हातात धरून उभा होतो.

बातमी मीच दिली. "काही ग्रामस्थांच्या चिकाटीमुळे" एवढंच लिहिलं. आत्याचं नाव घातलं नाही. राहून गेलं नाही, घातलं नाही. लिहिलेलं खोडलं.

शेजारच्या मुलीकडून तिनं ती वाचून घेतली. पण पाड्यापाड्यांत खबर पोचायची ती पोचलीच होती. कोणाच्या घरी कोण नव्हतं हे ध्यानात ठेवणारी बाई मांडवात कोणाला हवी? या लग्नसराईत तिला एकही बोलावणं आलं नाही. तिनं अंथरूण धरल्यावर मी भेटायला गेलो, तेव्हा वसंताची आई तिचे पाय चेपत होती. आत्या तिला म्हणाली, "ह्या पोरानं पेपरात माझं नाव नाय घातलं. बाईला पुढं लग्नं लावायची हायेत, येवढा इचार केला. लई गुनाचा." वसंताची आई उठली, तिनं माझे दोन्ही हात आपल्या डोळ्यांना लावले आणि "माझा वसंताच तू" म्हणत रडायला लागली. आत्या समाधानानं बघत होती. मी तिला खरं काय ते सांगितलं नाही, आणि चार दिवसांनी ती गेली.