वाणगावच्या मिरचीत तीन पायांचा टेकू

त्या वर्षी आमची बटालियन जम्मूच्या बाजूला होती. मी हवालदार, स्नायपर. लान्स नाईक शेलार माझा स्पॉटर. स्नायपर एकटा काम करत नाही, जोडी असते. एकजण दुर्बिणीतून अंतर आणि वारा सांगतो, दुसरा ट्रिगर दाबतो. तीन वर्षं आम्ही दोघांनी हे काम केलं. शेलार माण तालुक्यातला, टँकरच्या पाण्यावर वाढलेला. त्याने समुद्र पाहिला नव्हता. फेब्रुवारीत दोघांची रजा एकदम मंजूर झाली, तेव्हा स्वतःच्या गावी जाण्याआधी तो चार दिवस माझ्या गावी, पालघरच्या किनाऱ्याजवळ माकुणसारला आला.

येताना त्याने एक जुना कॅमेरा आणि ॲल्युमिनियमचा हलका ट्रायपॉड आणला होता. मी ट्रायपॉडचं एक टोक बोटाने हलवून बघितलं. सगळाच डुगडुगला.

"यावर काय ठेवणार?"

"कॅमेरा, उस्ताद. रायफल नाही."

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही सातपाटीच्या बंदरावर होतो. बोटी लागत होत्या. शेलार ट्रायपॉड वाळूत रोवून फोटो काढत होता. टोपली घेऊन चाललेली एक बाई थांबली. "दादा, फोटो काढून पोट भरतं काय? बोंबील घे." त्याने तिचाही फोटो काढला आणि बोंबीलही घेतले. मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो पाण्यात उभा राहिला. अर्धा तास बाहेर आला नाही. पोस्टवर मी त्याला इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

नऊ चाळीसला मामाचा फोन आला. मामाची वाणगावला मिरचीची शेती.

"बिबट्या फासात अडकलाय, माज्या मिरचीत. वनखात्याची माणसं हायत. पण गर्दी आवरत नाय. तुमी फौजी, लवकर या."

मोटारसायकलने निघालो. बोईसरला कंपन्यांच्या ट्रकच्या गर्दीत वीस मिनिटं गेली. अकराला पोचलो.

शेताच्या टेकडीकडच्या बांधावर बिबट्याची मादी होती. कमरेभोवती तारेचा फास, तारेचं दुसरं टोक झाडाच्या बुंध्याला. प्रत्येक उडीबरोबर तार आत रुतत होती आणि तारेचे पेडही सुटत होते. तार पूर्ण तुटली असती तर ती जखमी, बिथरलेली, थेट माणसांत शिरली असती. आणि माणसं शंभराच्या वर होती, मोबाइल वर धरून पुढे सरकत होती.

पहिलं काम गर्दीचं. मामाकडून दोर घेतला, शंभर पावलांवर ताणला आणि सगळ्यांना दोरामागे खाली बसवलं. बसलेली गर्दी पुढे सरकत नाही. दहा मिनिटांत शेत शांत झालं.

मामा वनपालांसमोर जाऊन उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता. "साहेब, फास मीच लावला होता. डुकरं मिरची उपटतात म्हणून."

"ते नंतर लिहून घेतो," वनपाल म्हणाले. "आधी जनावर वाचू दे."

बेशुद्धीचं इंजेक्शन बंदुकीतून मारायला डॉक्टर मॅडम आल्या होत्या. वय तिशीचं. त्यांनी अकरा पंचवीसला पहिला डार्ट मारला. तो मातीत गेला. चूक त्यांची नव्हती. रोपं कमरेला लागत होती. आडवं पडलं तर नुसती पानं दिसत. जवळ गेलं की मादी उडी घेई. म्हणून त्या उभ्याने, बिनाआधाराने नेम धरत होत्या आणि तासभर बंदूक उचलून त्यांचे हात थरथरत होते.

"एकच डोस उरलाय," त्या म्हणाल्या. "हाही चुकला तर दुसरा येईपर्यंत ती जगत नाही."

मी शेलारकडे पाहिलं. तो आधीच पाठीवरचा ट्रायपॉड काढत होता.

ट्रायपॉडचे खालचे बारीक भाग आम्ही बाहेर काढलेच नाहीत. डुगडुग तिथून सुरू होते. फक्त जाड भाग उघडून पाय रुंद फाकवले आणि मातीत दाबले. मधल्या दांड्याला शेलारची पिशवी ढेकळं भरून लटकवली, म्हणजे वजन खाली आलं. वर मामाचा टॉवेल चौघडी करून बांधला. मॅडम गुडघ्यावर बसल्या. बंदूक रोपांच्या बरोबर वर आली.

"नळी टेकवू नका. पुढचं लाकूड टेकवा," मी सांगितलं. "दाबायचं नाही, नुसतं ठेवायचं."

पुढचा आधार झाला. उजवा कोपर अजून हवेतच होता. तिथे ठेवायला काही नव्हतं, म्हणून मीच त्यांच्या बाजूला ओणवा झालो आणि त्यांनी कोपर माझ्या पाठीवर टेकवला. बटालियनचा स्नायपर वाळूची गोणी झाला. शेलारने ते बघितलं, पण हसू दाबलं. तो वनपालांची दुर्बीण लावून मागे बसला.

"सव्वीस मीटर. वारा डावीकडून. थांबा."

समुद्राकडून वारा सुटला होता. डार्ट गोळीसारखा वेगात जात नाही, वारा त्याला ढकलतो. मला फक्त माती दिसत होती. घाम नाकावरून टपकत होता.

"थांबा. ती फिरतेय. मांडी दिसेल." मग, "वारा पडला. मॅडम, श्वास सोडा. आता."

फट्ट असा आवाज झाला.

"हिट," शेलार म्हणाला. "मांडीत. पाठ हलवू नका उस्ताद, ती इकडेच बघतेय."

बारा मिनिटांनी मादीने मान टाकली. वनखात्याच्या माणसांनी तार कापली. मॅडमनी जखम धुतली, टाके घातले, तिचा श्वास मोजला आणि मातीतच बसून घेतलं. म्हणाल्या, "आता मला पाणी द्या." दोरामागची माणसं टाळ्या वाजवायला लागली, तेव्हा शेलारने हाताने खूण करून त्यांना गप्प केलं. जनावर झोपलं होतं.

दुपारी मामीने बोंबील तळले. मॅडम आणि वनपालही पंगतीला होते. शेलारने माझं ओणवं ध्यान सगळ्यांना करून दाखवलं. मी इतका वेळ कधी हसलो नसेन. मामावर केस झाली, ती त्याने निमूट सोसली आणि आजूबाजूच्या बांधांवरचे फास स्वतः फिरून काढले. तीन आठवड्यांनी मॅडमचा फोन आला. मादी बरी झाली होती, तिला जंगलात सोडलं होतं.

पुढच्या हिवाळ्यात, पहाटे पाच चाळीसला, गस्तीवर लान्स नाईक शेलार शहीद झाला. मी त्याच्यापासून आठ पावलांवर होतो. त्याबद्दल मी यापेक्षा जास्त लिहीत नाही.

त्याच्या घरी गेलो तेव्हा मामा हट्टाने बरोबर आला. त्याने शेलारला एकच दिवस पाहिलं होतं. शेलारच्या आईने विचारलं, "तो तुमच्याकडं समुद्र बघाय आलता न्हवं? काय काय केलं त्यानं?" मी सगळं सांगितलं. पाण्यात उभा राहिला ते, मिरचीच्या शेतातलं, माझ्या पाठीचं. माउली मध्येच हसली.

मग तिने विचारलं, "त्या मादीचं काय झालं?"

"बरी झाली, आई. जंगलात सोडली."

"घरी गेली म्हणायची," ती म्हणाली. "बरं केलंत पोरांनो." आणि आमच्यासाठी चहा टाकायला उठली.