खुंटीवरचं नाव

"या हातांनी गटारं उपसायची, बाई. फुलं नाही."

सर मला म्हणाले. हरभऱ्याच्या शेतात आम्ही सहा विद्यार्थी उभे होतो. सरांची भाची ऋजुता आधी हसली. बाकीच्या चौघांना मराठी कळत नव्हती. सर हसले म्हणून तेही हसले.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. भोपाळच्या आमच्या कॉलेजात सर हरभऱ्याच्या वाणांचे संकर करायचे, आम्ही शिकायला म्हणून त्यांच्या हाताखाली. पांढऱ्या फुलाची कळी संध्याकाळी चिमट्यानं उघडायची, आतले दहाही पुंकेसर काढायचे, सकाळी जांभळ्या फुलाचे पराग लावायचे. एक पुंकेसर जरी राहिला तरी फूल स्वतःचंच बी धरतं. मग पुढच्या हिवाळ्यात जांभळ्याऐवजी पांढरी फुलं येतात आणि आळशाचं पितळ उघडं पडतं. म्हणून ज्यानं संकर केला त्याची आद्याक्षरं टॅगवर लिहायची. बी पेरलं की तोच टॅग ओळीच्या खुंटीला.

त्या दिवशी एक आख्खी ओळ पांढरी फुलली होती. सरांनी खुंटी बघितलीच नाही, सरळ माझ्याकडे बघितलं.

पहिल्या दिवशी हेच सर केवढे गोड! "अरे वा, आपली मराठी! आडनाव काय?" सांगितलं. "वडील?" पिपलानीच्या टाउनशिपमध्ये सफाई कामगार, म्हटलं. त्यानंतर माझ्याशी हिंदीच. मराठी फक्त अपमानापुरती.

मी म्हटलं, "सर, टॅग बघा."

बघितला. ऋजुताची अक्षरं. आता कुणीच हसलं नाही.

दुपारी त्यांनी मला खोलीत बोलावलं. रजिस्टर पुढं सरकवलं. "ये लाइन अपने नाम पे लिख दे. उसे बाहर पढ़ने जाना है. तेरा क्या, तू तो कोटे से कहीं भी लग जाएगी."

शेजारी माझं इथल्या कामाचं सर्टिफिकेट होतं. सही राहिली होती. त्याच्याशिवाय एम.एस्सी.चा माझा अर्ज जाणार नव्हता. बाबा गल्लीभर सांगत फिरायचे, पोरगी झाडांचं ऑपरेशन शिकते म्हणून.

मी पेन उचललं. लाज वाटते सांगायला, पण पेन कागदाला टेकलंही होतं.

मग रजिस्टरात शेजारच्या ओळीची नोंद दिसली. सगळी जांभळी. माझी. तिच्यापुढं मी आद्याक्षरं खोडून पूर्ण नाव लिहिलं. बाबांच्या नावासकट, आडनावासकट. म्हटलं, "पांढरी ओळ जिची आहे तिचीच राहील."

त्यांनी सर्टिफिकेट फाडलं. "निकल यहाँ से."

त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. म्हणाले, "माफी मागून टाक, बेटा." मी गेले नाही. पुढं वर्ष वाया गेलं. दुसऱ्या शहरात प्रवेश परीक्षा देऊन एम.एस्सी.ला लागले.

माफी अजून मागितलेली नाही. मागणारही नाही.

आजही संकर करते. आद्याक्षरं लिहीत नाही. प्रत्येक टॅगवर पूर्ण नाव, मधे बाबांचं, शेवटी आडनाव. जागा पुरली नाही तर टॅग मोठा कापते.