वावराकडची वाट

बाबांना लकवा झाल्यापासून त्यांचं एकच टुमणं होतं: वावराकडची वाट दाखव. आमचं वावर तलमडुगूच्या पुढं, सागाच्या जंगलातून अर्धा कोस आत. उभी हयात ते रोज त्याच वाटेनं गेले. आता खाटेवरून उठवत नाही.

"मोबाइलात फोटो काढून आण ना," ते म्हणाले.

फोटो मी आणणार नव्हते. यंदा वावर पेरलंच नव्हतं. दुकान सांभाळू, बाबांचं करू, की मजूर शोधत फिरू? पाऊस लागला तेव्हा त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडून "पेरलं" निघून गेलं. मग दर आठवड्याला नवं खोटं. कापूस गुडघ्याला लागला, बोंडं धरली. माझाच मला वैताग आला होता.

फोटोत सगळंच येतं, चित्रात आपण म्हणू तेवढंच. वह्या-पेन्सिलींचं दुकान माझंच, रंगही घरचेच. एका सकाळी जाऊन धुऱ्यावर, वावराच्या बांधावर बसले, पडीक वावराकडं पाठ केली आणि समोर दिसणारी वाट काढली. आधी पेन्सिल, मग पाण्याचे रंग. साग, एक मोह आणि वाटेच्या कडेची दगडगोट्यांची रास. जंगलातून वावराकडं जाताना आमच्याकडं जो तो त्या राशीवर एक गोटा टाकतो. खरं सांगते, चित्र झकास जमलं होतं.

बाबांनी चांगल्या हातात कागद धरून बराच वेळ पाहिलं.

"रास डाव्या हाताले काऊन?"

"तिथंच त हाय."

"जातानी उजव्या हाताले असते. ही वाट त गावाकडं येऊन राह्यली. तू वावराकडं पाठ करून काऊन बसली?"

मी उगीच रंगाच्या वड्या आवरायला लागले.

"पेरलं नाही ना?"

"नाही, बाबा."

वाटलं, आता शिव्या देतील. त्यांनी दिल्या नाहीत. रडू मलाच आलं, आणि त्याचा रागही आला. बाबांनी कागद माझ्याकडं सरकवला.

"उद्या जातानी माह्या वाटचा गोटा टाक. अन् तिकडं तोंड करून बस, जसं हाय तसं काढ. मले वावर पाह्यचं हाय बाई, कापूस नाही."