दुखण्याचा आकडा

साल दोन हजार एकोणीस, अन् मी एकाहत्तर वर्षांचा. तेव्हापासून हे पोटात आहे. लेकीले सांगतलं नाही, सोबत्यायले नाही, देवापुढंही तोंड उघडलं नाही. तुमच्यापुढं उघडून राहिलो, कारण तुम्ही मले ओळखत नाही — ओळखीच्या माणसापुढं मान खाली घालायची मले सवय नाही. चौथीपर्यंतच शिकलो. लिहिताना हात अडखळते, सांभाळून घ्या.

मी कळमन्याच्या बाजारात हमाल होतो. चाळीस वर्षं मिरचीची अन् तुरीची पोती वाहिली. आमच्यात एक रीत होती — पोतं पाठीवर असताना तोंडातून आवाज काढायचा नाही. मग खांदा फाटो की गुडघा मुरगळो. ज्याच्या तोंडून 'आई गं' निघालं, त्याची आठ दिवस टिंगल. "काय गा, पाळणा आणू का?" माह्या तोंडून कधी निघालं नाही. याचा मले गर्व होता. होता काय — आहे. आता काय करू त्याचं?

उतारवयात उजवा खांदा धरला. हात कानाच्या वर जाईना. त्याच दिवसांत माह्या बायकोची, कौसल्याची, टाच धरली. सकाळी खाटेवरून पहिलं पाऊल टाकलं की भिंतीले धरून उभी राहायची, डोळे मिटून. लेक रेखा भिवापूरले दिलेली. तिनं शहरातल्या सदर भागातली एक डॉक्टरीणबाई शोधून काढली. तिच्याजवळ मशीन होती — कापणं नाही, सुई नाही, बाहेरूनच ठोके देते, अन् जुनं दुखणं आतून भरून यायले लागते, म्हणे. रेखानं दोघांचेही नंबर लावले. सोमवारी माहा, गुरुवारी तिच्या मायचा. कौसल्या मशीनच्या नावानंच भ्याली. म्हणाली, "तुम्ही आधी जाऊन या जी. तुम्ही सांगान तसं करीन."

मी एकटाच गेलो. सोबत कोणी कशाले पायजे?

डॉक्टरीणबाई रेखापेक्षाही लहान. खांद्याले थंडगार मलम लावलं, पिस्तुलासारखं काहीतरी हातात घेतलं अन् नीट समजावून सांगतलं, "काका, यात करंट नाही, भिऊ नका. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. तुम्ही आकडा सांगा, त्याच्यावरून मी मशीन कमी-जास्त करते. खरं सांगा हं."

टकटकटक — सुरू झालं. दुखलं. चांगलं दुखलं. सहा तरी असंल. मी म्हटलं, "शून्य."

तिनं वाढवलं. पुन्हा विचारलं. शून्य. तिनं माह्या तोंडाकडं पाहिलं. "नक्की ना काका?" मी म्हटलं, "चालवा बाई, पोतं वाहिलेला खांदा आहे." तिनं आणखी वाढवलं — मीच वाढवायले लावलं ना? — अन् मी ओरडलो. 'आई गं' म्हणून ओरडलो, बाहेर बाकड्यावर बसलेल्या लोकायले ऐकू जाईल एवढा. पडद्यापलीकडून एक म्हातारी म्हणाली, "एवढा मोठा माणूस अन् लेकरावानी बोंबलला वं माय!" अन् कोणीतरी हसलं.

डॉक्टरीणबाई हसली नाही. तिनं मशीन लगेच बंद केली. म्हणाली, "तुमची चूक नाही काका, कमी करून पुन्हा करू." मी सदरा घातला अन् निघून आलो.

इथपर्यंत काय, एक घमेंडी बुढा, एवढंच. पुढचं लिहिणं जड जाते.

घरी कौसल्या दारातच उभी होती, एका पायावर भार देऊन. "लई दुखलं का जी?"

मी काय सांगायले पायजे होतं? तीनच अक्षरं — दुखलं. तेवढी निघाली नाहीत. म्हणालो, "मले काय दुखते! पण ती मशीन फसवेगिरी आहे. करंट देतात. हातोड्यावानी हाणतात. तुह्या टाचेचं हाड फुटंल." सगळं खोटं. करंट नाही, हे मले माहीत होतं. पण ती तिथं गेली असती, अन् पडद्यामागचं कोणी बोललं असतं — त्या दिवशी एक हमाल कसा बोंबलला म्हणून. त्याच्यासाठी मी तिची टाच विकली.

रेखा लई भांडली. कौसल्याचं उत्तर एकच, "तुहे बाबा पाहून आले ना? ते खोटं कशाले बोलतील वं?"

वर्षं गेली. ती पायाच्या कडेवर चालते. त्या चालीनं आता दुसरा गुडघाही गेला. दोन गल्ल्यांपलीकडं गुरुवारचं भजन असते, तिथं जाणं बंद झालं. घरीच बसून टाळ्या वाजवते. मागच्या वर्षी मी म्हटलं, चाल, त्या मशीनवाल्या बाईकडं जाऊ. ती म्हणाली, "ना बा. तुम्हीच तं सांगतलं होतं, हाड फुटंल म्हणून." माह्या शब्दापुढं आता माहंच चालत नाही. तेव्हाही कबूल करता आलं असतं. मी चहा पीत बसलो.

त्या सोमवारनंतरची सकाळ सांगायची राहिली. तोवर वेळ होती. कौसल्याचं मन अजून डळमळत होतं. म्हणत होती, गुरुवारी एकदा जाऊन तं पाहू का? मी उठलो. नाल्याकाठची रुईची पानं तोडून आणली, वीट तापवली, विटेवर पानं पसरली अन् कौसल्याचा पाय धरून टाच शेकून दिली. आख्ख्या संसारात तिच्या पायाले पहिल्यांदा हात लावला. ती लाजली. शेजारणीले हाक मारून म्हणाली, "पाहा वं बाई, माह्या घरचा माणूस माह्यासाठी किती करते! आता कशाले पायजे मले मशीन?"

मी मान वर केली नाही. वीट थंड होईपर्यंत शेकत राहिलो. मग हात धुतले अन् दवाखान्यात फोन करून गुरुवारचा तिचा नंबर काढून टाकायले सांगतलं.